न खुडायचा वेल

तो वेल आमच्या घरी आला तेव्हा बिनातिकिटाचा होता. माझे बाबा वाशीम-रिसोड गाडीवर कंडक्टर होते आणि तिकिटाच्या बाबतीत त्यांना नातंगोतं कळत नसे. सख्ख्या साडूला त्यांनी एकदा अर्ध्या रस्त्यात उतरवलं होतं, आणि त्यापायी माझी मावशी दोन वर्षं आमच्या दारावरून मान फिरवून जायची. असा माणूस एका संध्याकाळी बिस्किटाचा पत्र्याचा डबा छातीशी धरून आमच्या गावाच्या, रिठदच्या, फाट्यावर उतरला. डब्यात ओंजळभर माती आणि मातीतून वीतभर वर आलेला एक वेल. मागच्या सीटखाली कोणीतरी विसरून गेलं होतं. बाबांनी डबा रीतसर डेपोत जमा केला, पंधरा-वीस दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं. कोणी आलं नाही. शेवटी डेपोतल्या माणसानं सांगितलं, "आता घेऊन जा, नाई तं मी उकंड्यावर टाकतो." बाबांना उकिरड्यावर टाकलेलं काहीच बघवत नसे. म्हणून वेल आमच्याकडे.

घरात पहिला वाद झाला तो हा की हे झाड खरं आहे का. पानं जाड, चकचकीत, मेण ओतून केल्यासारखी. मायनं पदराला हात पुसले, एक पान दोन बोटांत धरून दाबलं आणि निकाल दिला, "प्लास्टिकचं हाय."

"प्लास्टिकले माती कायले लागते व?" बाबा म्हणाले.

"लोकाईची हौस."

शेजारच्या गुंफाकाकू भिंतीवरून सगळं ऐकत होत्या. आमच्या घरातली कुठलीही गोष्ट त्यांच्या सहीशिवाय पुरी होत नसे. त्या येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, "खाता येत नाई, इकता येत नाई, शेळी तोंड लावत नाई. कायले पोसता असं?" शेळीचं खरं होतं. आमच्या शेळीनं चपला खाल्ल्या होत्या, माझं भूगोलाचं पुस्तक खाल्लं होतं, पण या वेलाला तिनं एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं.

निकाल लावला आबांनी. आबा म्हणजे बाबांचे वडील. त्यांनी डबा मांडीवर घेतला, वेलावरून बोटं फिरवली आणि नखानं पानाच्या देठाला इतकासा टोचा मारला. पांढरं दूध टपकलं. आबांनी ते बोटांवर चोळलं, हुंगलं आणि म्हणाले, "खरा हाय. रुईची सोयरी हाय कोणीतरी." आता फोनला फोटो दाखवला की फोन झाडाचं नाव, गाव, कूळ सगळं सांगतो. मी परवा दाखवला. त्यानं 'होया' म्हणून सांगितलं आणि खाली लिहिलं होतं की हे रुईच्याच कुळातलं. म्हणजे आबांनी ते नखाच्या टोकानं सांगितलं होतं, आणि चार्जिंगही लागलं नव्हतं.

आबांना बोटांनीच बघावं लागत होतं. काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांतला उजेड हळूहळू गेला होता. उरल्या होत्या त्या फक्त सावल्या. आणि त्यांची बोटं साधी नव्हती. हरभरा टीचभर वाढला की त्याचे शेंडे खुडतात; शेंडा खुडला की झाड बाजूनं फुटतं, फांद्या वाढतात, घाटे वाढतात, आणि खुडलेल्या पाल्याची भाजी होते. तुरीचंही तसंच. हे काम आमच्याकडे बायांचं. पण आबांच्या हाताला जो झपाटा होता तो बायांनाही नव्हता. अंगठा आणि पहिलं बोट, मधे शेंडा, टक. दोन्ही हात वेगवेगळ्या झाडावर चालत. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट आंबीनं त्यांची बोटं चामड्यासारखी झाली होती, नखं पिवळी पडली होती. लोक हसायचे, "आबा, लुगडं नेसून येत जा खुडाले," आणि मग हळूच आपल्या वावरात बोलवून न्यायचे.

पण हरभऱ्याला फूल लागलं की खुडणी थांबवायची असते. त्यानंतर खुडलं तर फूलच हातात येतं. वेल यायच्या आदल्या हिवाळ्यात आबांनी आमच्या वावरात तीन तासं, म्हणजे तीन ओळी, अशी फुलावर आलेली खुडली. त्यांना दिसलं नाही. बाबा सुट्टी काढून गेले तेव्हा मातीत जांभळी फुलं पडलेली होती आणि आबा चौथ्या तासात होते. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं असं माय नंतर कितीदा म्हणाली. ते फक्त म्हणाले, "आबा, उद्यापासून तुमी घरीच राहा." आबा घरी राहिले. सकाळी चहा घ्यायचे, ओसरीवर बसायचे आणि दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. काही करायला नसलेले हात किती मोठे दिसतात हे मी तेव्हा पाहिलं.

आमचं घर टिनांचं, पुढे ओसरी, ओसरीच्या कोपऱ्यात पाण्याचा रांजण. रांजणाखालची जमीन बारा महिने ओली. वेलाचा डबा त्या रांजणाशेजारीच आला, कारण दुसरी जागाच नव्हती. सकाळी गिरणीची पुकपुक सुरू व्हायची, मग मायची भाकर थापल्याचा आवाज, मग फाट्यावरून बाबांच्या गाडीचा हॉर्न. बाबा गावाजवळ आले की दोनदा हॉर्न वाजवायला ड्रायव्हरला सांगत, आणि माय तव्यावर ठेचा रगडायची. संध्याकाळी विहारातली वंदना भोंग्यावर यायची. ती संपली की चून, म्हणजे पिठलं, आणि भाकर; कधी वाळवलेल्या हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, लसणाची फोडणी दिलेली. त्या भाजीचा वास आला की आबा ओसरीवरून विचारायचे, "कोणत्या वावरातला पाला व?" माय सांगायची. आबा मान हलवायचे, जणू त्या वावराची खुशाली कळली. मायनं मात्र वेलाला प्लास्टिकचं मानणं काही सोडलं नव्हतं. ती दर रविवारी ओल्या फडक्यानं त्याची पानं पुसायची, जशी शोकेसमधली वस्तू पुसावी. पुढे कळलं की या झाडाला ते फार मानवतं. माझ्या मायनं आयुष्यात बऱ्याच गोष्टी चुकीच्या कारणानं बरोबर केल्या, त्यातली ही एक. मी दुसरी असं ती म्हणते.

पहिल्याच पावसाळ्यात वेल सडला. दोष माझा. मला वाटायचं झाड म्हटलं की पाणी. म्हणून सकाळ-संध्याकाळ मी गडव्यानं डबा भरायची, आणि डब्याला खाली भोकं नव्हती. वरून पानं तशीच जाड, तशीच चकचकीत. मुळं मात्र केव्हाच काळी पडून गेली होती. एक दिवस वेल ओढला तर सगळाच हातात आला. मी रडायला लागले. आबा म्हणाले, "आन इकडं." त्यांनी वेलावरून बोटं फिरवत एकेक डोळा चाचपला. डोळा म्हणजे पान जिथून निघतं ते पेर. दोन चांगले डोळे असलेला तुकडा त्यांनी विळ्यानं तोडला, दूध थांबेपर्यंत सावलीत ठेवला, माझ्याकडून डब्याला खिळ्यानं भोकं पाडून घेतली. मग माती कमी आणि विटांचे खडे, कोळशाचे तुकडे, वाळलेलं शेण जास्त. "याले वावर नाई पाह्यजे, याले दगडाची फट पाह्यजे," ते म्हणाले. "पाणी माती सुकल्यावर. तू घालू नको. मी घालीन." तीन आठवड्यांनी त्या डोळ्यातून राईएवढा कोंब निघाला. तो पहिल्यांदा सापडला तो आबांच्या बोटाला.

इथे थांबून एक सांगते. मागच्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला माझ्या लेकीनं मला एक भेट आणली: छोट्या कुंडीत रोवलेलं होयाचंच एक पान, बदामाच्या आकाराचं. नवरा म्हणाला, "प्रेमाचं प्रतीक आहे." मी कुंडीत बोट घालून पाहिलं. पानाला देठ होता, डोळा नव्हता. असं पान मुळं धरतं, हिरवं राहतं, वर्षानुवर्षं राहतं. पण त्याचा वेल कधीच होत नाही. मी हे सांगितल्यावर नवरा म्हणाला, "म्हणजे वाढतही नाही आणि मरतही नाही. बरोबर आणलं पोरीनं." वाशीमला आमच्या गॅलरीत आबांच्या वेलाची फांदी लोंबते आहे, तिच्या शेजारी ते पान ठेवलं आहे. रोज पुसते. बघू कोण आधी सुधारतं, पान की नवरा.

तर वेल वाचला आणि आबांचा झाला. पाणी ते घालणार, डबा ते फिरवणार, आणि दुसऱ्या उन्हाळ्यानंतर वेल जोमानं वाढायला लागला तेव्हा खुडणार पण तेच. या वेलाची एक तऱ्हा आहे. तो मधेच एक लांब, नागडा दोर सोडतो. हातभर, दीड हात, त्यावर एकही पान नाही. वाऱ्यावर हलत तो काहीतरी धरायला शोधत असतो. कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो म्हणेल हा नुसता रस खाणारा शेंडा. आबांच्या बोटांना तो सापडला की अंगठा आणि पहिलं बोट: टक. "आता बाजूनं फुटन पाहा," म्हणायचे. आणि फुटायचाही. फांद्या वाढल्या, पानं वाढली, डब्याभोवती चांगला हिरवा झुपका झाला. आबा रोज सकाळी चहा झाला की रांजणाजवळ जाऊन बसत आणि दोन्ही हातांनी आपलं ते वीतभर वावर खुडत. त्यांचा चेहरा पुन्हा माणसासारखा दिसायला लागला. गुंफाकाकू म्हणत, "फूल कवा येते याले?" आबा म्हणत, "येईन ना. खुडणी बसू दे."

कापूस वेचायच्या दिवसांत एकदा उपकेंद्रातल्या सिस्टर आबांचं बीपी तपासायला आल्या. आबा विहारात गेले होते. सिस्टर मूळच्या केरळातल्या. त्यांचं मराठी बाकी सगळं बरोबर असायचं, फक्त कोण बाई आणि कोण बुवा यात त्या पडत नसत. वेल बघितल्यावर त्या खालीच बसल्या.

"अगं, हा तर आमच्या घरी फणसावर चढतो! किती फूल येतो!" मग त्यांनी वेल हातात घेऊन उलटापालटा केला. "पण हा कापला कोण?"

माय सासऱ्यांना मामाजी म्हणायची. म्हणाली, "खुडते आमचे मामाजी. कायले?"

"शेपटी कापायचा नाही!" सिस्टर जवळजवळ ओरडल्या. "तो लांब शेपटी आहे ना, त्याला नंतर पान येतो, त्याला फूल येतो. दर वेळी कापला तर फूल कुठून येणार? आणि फूल झडला तरी त्याचा दांडी ठेवायचा. त्याच दांडीवर दुसऱ्या वर्षी पुन्हा येतो. काही कापू नको. डबा बदलू नको. हलवू नको. नुसता बघ."

त्या गेल्यावर माय आणि मी वेलाकडे बघत बसलो. मी म्हटलं, "आबा आले की सांगते."

"खबरदार," माय म्हणाली. "वावर आपुनच काढून घेतलं त्याईच्या हातचं. आता हा डबाबी काढाचा का? 'आबा, तुमच्या हातानं फूल नाई येत' म्हणून कोण सांगन? तू सांगशीन?"

मी तेरा वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. मी म्हटलं, "सांगाचं कामच नाई. मी पाह्यते."

माझी युक्ती अशी: वेलानं दोर सोडला की शाळेत जायच्या आधी मी तो रांजणाच्या मागून वर न्यायची आणि टिनाखालच्या तारेला सुतळीनं बांधून टाकायची. आबांचा हात तिथवर पोचत नसे. आबा सकाळी येऊन चाचपायचे. "रेखे, शेंडा नाई लागत हाताले."

"वाळला, आबा."

"परवाबी वाळला?"

"थंडी हाय ना."

एवढ्यावर भागलं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला पुरावा द्यायची फार हौस असते. एक दिवस मी मागच्या कुंपणावरच्या दोडक्याची वाळकी काडी तोडून आणली आणि आबांच्या हातात दिली. "हा पाहा शेंडा, कसा वाळला ते." आबांनी काडी बोटांत फिरवली, नाकाशी नेली, आणि बाजूला ठेवली. मला वाटलं, जिंकलं. त्या दिवसापासून आबा कमी बोलायला लागले. चहा ओसरीवर थंड व्हायचा. वेलाजवळ बसत, पण हात पुन्हा मांडीवर. माय मला डोळ्यांनी विचारायची आणि मी डोळ्यांनीच सांगायची की सगळं बरोबर चाललं आहे. वर तारेवर पाच दोर झाले होते, त्यातल्या दोहोंना पानंही फुटायला लागली होती. मी त्या पानांवरच खूश होते.

परीक्षेच्या दिवसांत एका दुपारी मी पेपर देऊन घरी आले. माय हापशीवर गेली होती. ओसरीवर आबा मांडी घालून बसले होते, डबा दोन्ही गुडघ्यांत धरलेला, आणि विळ्याचं टोक डब्याच्या काठात घुसवून ते पत्रा उभा चिरत होते. टोक दोन बोटं आत गेलं होतं. वर तारेला बांधलेले दोर ताणले गेले होते, त्यातला एक तुटायच्या बेतात होता.

"आबा, काय करून राह्यले?"

"मूळ पाह्यतो," आबा म्हणाले. मान वर न करता. "मेला हा. या पानाचं काही खरं नाई, मूळ सडलं तरी महिनाभर असंच राह्यते. तुमी मायलेकी मले सांगून नाई राह्यल्या. पण मले पाह्यचं हाय. माह्याच हातानं मेला का, ते पाह्यचं हाय."

विळा पुन्हा पत्र्यात गेला. मी दप्तर फेकलं आणि त्यांचं मनगट धरलं. "आबा, नका चिरू! येल जित्ता हाय! शेंडे मी लपवले. तुमी खुडता म्हणून त्याले फूल येत नाई! सिस्टर म्हणल्या. तो शेंडा खुडाचा नसते."

विळा थांबला. मला आठवतं ती फक्त गिरणीची पुकपुक; ती इतकी मोठी कधीच ऐकू आली नव्हती. मी मनगट सोडायला विसरले होते.

"कोण म्हणलं?"

"सिस्टर."

"कवा?"

"कापूस वेचाच्या दिवसात."

आबा मनात महिने मोजत बसले. मोजून झाल्यावर म्हणाले, "आन मले दोडक्याची काडी आणून देली तू."

मी तेव्हा कुठे त्यांचं मनगट सोडलं.

"मले वाटलं येल मेला आन पोट्टी मले लपवून राह्यली. दोडका न समजाले मी काय तालुक्याचा सायेब हाव का? डोये गेले माहे, रेखे. नाक थोडंच गेलं? सांगाचं नाई का?"

"माय म्हणली, तुमाले वाईट वाटन."

"वाटलं असतं," आबा म्हणाले. "चार दिस वाटलं असतं. हे चार महिने वाटून राह्यलं."

मग त्यांनी विळा बाजूला ठेवला, डबा जसा होता तसा रांजणाशेजारी सरकवला आणि हात पुढे केला. "दाखव."

मी स्टुलावर चढले, एकेका दोराची सुतळी सोडली आणि तो खाली आणून त्यांच्या हातात दिला. पाचही. आबांनी विती टाकून एकेक मोजला. नव्या पानांपाशी बोट थांबवलं. त्यांच्या अंगठ्याला सवयीनं शेंडा सापडलाच. अंगठा आणि पहिलं बोट जवळ आली आणि तशीच राहिली. आबा एकदम हसायला लागले. "पाह्यलं का? बोटं माह्यं ऐकतच नाई. पन्नास साल खुडत आले, आता बंद म्हटलं तं कशी बंद होतीन?" त्या दिवसापासून ते वेलाला उलट्या हातानं बघत. हाताच्या पाठीनं पानावरून जात, शेंड्यावरून जात, बोटं मिटलेली. माय हापशीवरून आली तेव्हा आबांनी तिला हाक मारली. "रेखीची माय, चहा गरम कर. आन पुढच्या खेपी मले वाईट वाटू नाई म्हणून काही लपवाचं असन तं आंधी मले इचारत जा." चिरलेल्या पत्र्यावर मायनं सायकलची ट्यूब बांधली. ती कायमची राहिली, कारण डबा बदलायचा नव्हता.

उन्हाळा तापला. आमच्याकडे वैशाखात टिनाखाली भाकर तव्याशिवाय भाजेल अशी गत. आबांनी ओसरीला ओलं बारदान बांधून घेतलं, वर सांगितलं की हे माझ्यासाठी नाही. एक दिवस जुन्या दोराच्या पानापाशी त्यांच्या हाताच्या पाठीला काहीतरी टोचलं. मी बघितलं: एक आखूड दांडी, तिच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याहून लहान वीस कळ्यांची छत्री. आबा रोज विचारायचे, "केवढ्या झाल्या?" मी खरं सांगायची: मुगाएवढ्या, तुरीएवढ्या. एक दिवस दोन गळल्या, तेही सांगितलं. आबा म्हणाले, "अठरा राह्यल्या मंग. लय हाय."

आणि एका संध्याकाळी, विहारात वंदना सुरू असताना, आबा एकदम म्हणाले, "रेखीची माय, पाक ठेवला का चुलीवर?" माय म्हणाली, चूल तर पेटवलीच नाही. मी रांजणामागे डोकावले. अठराच्या अठरा उमलल्या होत्या. गुलाबी-पांढऱ्या मखमली चांदण्या, प्रत्येकीवर एक लाल चांदणी बसवलेली, आणि मधे मधाचा थेंब. मधासारखा, गुळासारखा वास. मायनं एका फुलाला बोट लावलं आणि हळूच म्हणाली, "प्लास्टिकचंच वाटते बाई अजून."

गुंफाकाकू भिंतीवरून न येता दारातून आल्या, म्हणजे प्रसंग मोठा होता. घोसाकडे हात नेत म्हणाल्या, "मी हा विहारात नेते. बुद्धापुढं ठेवते."

"हात नाई लावाचा," आबा म्हणाले. दिसत नसताना त्यांना तो हात कसा कळला कोण जाणे. "त्याच दांडीवर पुढच्या साली पुन्हा येते. तोडली की संपलं."

"बुद्धालेबी नाई?"

"त्यानं कवा मांगतलं तोडून? लोकाईले म्हणा, पाह्याले या."

काकू फणकारून गेल्या. पण त्यांच्या पोटात कशाला राहतंय. वंदना संपल्यावर अर्धा विहार आमच्या दारात. म्हातारे, बाया, कडेवरची लेकरं. ओसरीवर जागा नाही, अंगणात चपलांचा ढीग. आबा रांजणाजवळ ताठ बसून सगळ्यांना सांगत होते की मुळाला दगडाची फट कशी लागते, पाणी कधी घालायचं नाही, कोणता शेंडा खुडायचा नसतो. "सिस्टर म्हणल्या" हे मी दोनदा मधे घातलं. दुसऱ्यांदा त्यांनी मला पाणी आणायला पाठवलं.

तेवढ्यात बाबा फाट्यावरून आले. त्या दिवशी आम्ही कोणी हॉर्न ऐकलाच नव्हता. त्यांनी दुरूनच आपल्या दारातली गर्दी बघितली, अंगणातल्या चपला बघितल्या, आणि घरात म्हातारा माणूस असलेल्याला जे वाटतं तेच त्यांना वाटलं. ते पळत आले. तिकिटाची पेटी खांद्यावर आपटत होती. लोकांना बाजूला करत, "आबा! आबा!" म्हणत ते ओसरीवर चढले आणि समोर आबा, धडधाकट, एका बाईला कोळशाचं प्रमाण सांगत.

बाबा तिथेच खाली बसले. आबांनी आवाजावरून ओळखलं. "आला का? बस. हात नको लावू, नुसता पाह्य."

बाबांनी खरंच दोन्ही हात पाठीमागे नेले आणि बघत बसले. लोक हळूहळू गेले. माय भाकरी टाकायला आत गेली. बाबा फुलांकडेच बघत म्हणाले, "आबा, औंदा तुरीचे शेंडे खुडाच्या वक्ती वावरात चाला."

आबांनी हाताची पाठ एका पानावरून फिरवली.

"त्या दिशी मी तसं म्हणाचं नव्हतं," बाबा म्हणाले.

"म्हणलं ते खरंच होतं," आबा म्हणाले. "फूल मले दिसत नाई. कोणतं खुडाचं आन कोणतं नाई, हे मले कोणीतरी सांगाले पाह्यजे." मग त्यांनी मान माझ्या दिशेनं वळवली. "येतो मी. पण सोबत रेखीले घेईन. पोट्टी खरं सांगते."

आणि थोडं थांबून, बाबांनाही ऐकू जाईल असं, म्हणाले, "आता सांगते."